वेंडेलचा होकार

जुलैचा शेवटचा आठवडा आला की आमच्या शहरातला प्रत्येक माणूस दलाल होतो. एरवी हीच माणसं साधीसुधी असतात. अंगणातलं गवत कापतात, सरोवराच्या धक्क्यावर गळ टाकून बसतात, शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेला मासा खातात. पण खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली की एकेकाच्या अंगात येतं. माझा दंतवैद्य माझ्या तोंडात दोन्ही हात घालून विचारतो, की तिसऱ्या बेसवरचं ते दगडाच्या हाताचं पोरगं देऊन त्याच्या बदल्यात दोन चांगले पिचर का आणत नाही. तोंडात त्याचा चिमटा असताना मी काय कपाळ उत्तर देणार?

मी ऑगस्ट डोम्ब्रोव्स्की. लोक ऑगी म्हणतात, खेळाडू स्किप म्हणतात, आणि हरल्यावर स्टँडमधून जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाइपर्स या बेसबॉल संघाचा मी मॅनेजर. म्हणजे आज कोण खेळणार, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, कधी बदलायचा आणि शिव्या कुणी खायच्या, एवढं माझ्याकडे. कुणाला विकायचं, कुणाला आणायचं, हे वरच्या मजल्यावर जनरल मॅनेजर कॅरोलिन हॅलोरन ठरवते. हे मी लोकांना शंभरदा सांगितलंय. कुणी ऐकत नाही.

त्यात वर्तमानपत्रवाले. आमच्याकडे केनी स्टॅपल्स नावाचा एक गृहस्थ आहे. तो 'विश्वसनीय सूत्रांकडून कळतं' असं लिहून दिवसभर मोबाइलवर पुड्या सोडत असतो. त्याची सूत्रं कोण, तर माझ्या अंदाजाने त्याची बायको आणि पार्किंगचा रखवालदार. पण दहातली एक पुडी खरी निघते, हीच खरी पंचाईत. गेल्या वर्षी आमच्या एका खेळाडूला आपण विकले गेलो हे पिझ्झा घेऊन आलेल्या माणसाकडून कळलं. दार उघडलं तर तो म्हणाला, "सांभाळून राहा हं तिकडे." पिझ्झाचे पैसे घेतले नाहीत, एवढाच काय तो सत्कार.

यंदा केनीच्या तोंडी एकच नाव होतं, वेंडेल प्रुइट.

वेंडेल आमचा कॅचर. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसायचं, आगगाडीच्या वेगाने येणारा बॉल झेलायचा, पिचरला कुठला बॉल टाकायचा ते बोटांनी खुणावायचं, आणि हे रोज दोन-अडीच तास करायचं. बारा वर्षं त्याने हे आमच्यासाठी केलं. उजव्या हाताची बोटं मोडून मोडून आल्याच्या गड्ड्यासारखी झालीत. गुडघ्यांबद्दल बोलायलाच नको. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतावर वाढलेला माणूस, एक वाक्य संपवायला सकाळ घालवणारा. पण मैदानावर त्याचं डोकं माझ्या दोन चाली पुढे असायचं. मी डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या, पायरीवर उभा राहून चिंता करायचो आणि निम्मा संघ तोच चालवायचा. हे मी कबूल करतो, कारण ते सगळ्या लीगला माहीत होतं.

या बारा वर्षांत आम्ही एकदाही ऑक्टोबरमध्ये खेळलो नाही. ऑक्टोबरमध्ये फक्त निवडक संघ उरतात आणि अजिंक्यपद तिथेच ठरतं. आमचा ऑक्टोबर छपराच्या पन्हळीतली पानं काढण्यात जातो. वेंडेल आता छत्तीसचा. या वयाच्या कॅचरला पुढचा उन्हाळा मिळेलच याची खात्री डॉक्टरही देत नाहीत.

आणि गुरुवारी टेक्ससच्या मस्टँग्ज संघाच्या कॅचरचं मनगट मोडलं. मस्टँग्ज म्हणजे यंदाचे सगळ्यात तगडे. शुक्रवारी सकाळी त्यांचा हॅलोरनला फोन आला. त्यांना वेंडेल हवा होता, आणि बदल्यात ते ऑरेलिओ पेन्या द्यायला तयार होते. पेन्या वीस वर्षांचा, डोमिनिकन, अजून खालच्या लीगमध्ये खेळणारा. पण त्याला चेंडूमागे पळताना एकदा पाहिलं की माणूस हातातलं सँडविच खायचं विसरतो. हॅलोरन दोन वर्षं त्याच्यावर डोळा ठेवून होती.

हॅलोरनची सौदा तोलायची एक रीत आहे. मला ती फार आवडते. कितीही चांगला प्रस्ताव येऊ दे, ती आपल्या माणसांना एका खोलीत बसवते, मधे गाजराच्या कापांचा डबा ठेवते आणि म्हणते, आता तासभर आपण ते लोक आहोत. आपण टेक्सस आहोत. बोला, हा सौदा आपण का करतोय? आपण समोरच्याला कुठे गंडवतोय? मग सगळे जीव तोडून दुसऱ्याची बाजू लढतात. त्या शुक्रवारीही तसंच झालं. टेक्सस बनून आम्ही तासभर भांडलो आणि शेवटी एवढंच निघालं की ते कुणालाच गंडवत नव्हते. त्यांची खरोखर नड होती. इतका सरळ सौदा माझ्या चाळीस वर्षांत मी क्वचित पाहिलाय.

फक्त एक अडचण होती. वरच्या लीगमध्ये दहा वर्षं काढली आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात, की खेळाडूला एक हक्क मिळतो. त्याने हो म्हटल्याशिवाय त्याला कुठेही पाठवता येत नाही. वेंडेलला तो हक्क होता.

हॅलोरनने त्याला वर बोलावलं, मलाही बसवलं. तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोण मागतंय, काय देतायत, आम्हाला तो पोरगा किती हवाय, हेसुद्धा लपवलं नाही. तिच्या जागी दुसरा कुणी असता तर आधी वेंडेलच्या वयाचा विषय काढला असता. ती म्हणाली, "मी तुला ढकलणार नाही, वेंडेल. सोमवारी संध्याकाळी मुदत संपते. तू मला रविवारी सांग. नाही म्हणालास तर मंगळवारी मी हा विषय विसरलेली असेन."

हक्क सोडताना लोक काहीतरी मागून घेतात. कुणी पुढच्या वर्षाचा करार, कुणी बायको-मुलांसाठी विमान. वेंडेलने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि एकच विचारलं.

"रविवारी लिंडक्विस्टच टाकणार ना?"

हॅलोरनने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. वेंडेल उठला आणि गेला.

आता लिंडक्विस्टचं सांगायला हवं. टोबायस लिंडक्विस्ट, बावीस वर्षांचा, मिनेसोटाचा, डावखुरा पिचर. देवाने असा डावा हात पुन्हा कुणाला दिला तर मला कळवा. गेल्या वर्षी भर सामन्यात, चाळीस हजार लोकांसमोर, तो हात आपलं काम विसरला. काल अचूक पडणारा बॉल आज प्रेक्षकांत जायला लागला. दुखापत नाही, काही नाही. नुसतं मनात कुठेतरी काहीतरी अडकलं. असं झालेले पिचर मी पाहिलेत, बहुतेक परत येत नाहीत. डॉक्टर झाले, मनाचे डॉक्टर झाले. शेवटी वेंडेल त्याला हिवाळ्यात नेब्रास्काला घेऊन गेला आणि मक्याच्या कोठारात, बाहेर बर्फ पडत असताना, पोराचे बॉल झेलत बसला. अख्खा हिवाळा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी त्याचे पैसे दिले नव्हते. मार्चमध्ये दोघं परत आले तेव्हा लिंडक्विस्टचा बॉल पुन्हा सरळ पडत होता.

पण फक्त वेंडेलकडे. जूनमध्ये वेंडेलचा गुडघा सुजला तेव्हा मी आमचा दुसरा कॅचर ग्रॅडी बून याला बसवलं. पहिला बॉल जाळीवर गेला, दुसरा अंपायरच्या खांद्यावर. मी लगेच पोराला बाहेर काढलं. त्याचा चेहरा मला परत पाहायचा नव्हता.

शनिवारी सकाळी वेंडेल बर्फाच्या टबात कमरेपर्यंत बुडून बसला होता. मी कॉफी घेऊन बाजूच्या बाकावर टेकलो.

"तू काय केलं असतंस, स्किप?"

"मला विचारशील तर राहा," मी म्हणालो. "तू गेलास तर माझ्या डोक्याचं काम कोण करणार? पण मला विचारूच नकोस. तुझ्या जागी असतो तर मी कालच बॅग भरली असती."

"लॉरेटा पण हेच म्हणते." लॉरेटा त्याची बायको.

"मग घोडं अडलंय कुठे?"

तो बर्फातून हात फिरवत राहिला. "ऑक्टोबर मला हवाय. खोटं कशाला बोलू? झोप येत नाही इतका हवाय. पण तिकडे बसून इथला स्कोअर बघायचा, आणि त्या पोराने पुन्हा जाळीवर बॉल मारलेला बघायचा, तर मला नाही गोड लागणार ते."

"मग राहा आणि त्याला सांग, तुझ्यासाठी राहिलो म्हणून."

"तेवढं मात्र नाही हं. जन्मभर ओझं वाहील तो त्याचं." मग म्हणाला, "खरं तर माझ्याशिवाय तो टाकू शकतो, असं मला वाटतं. पण नुसतं वाटून काय उपयोग?"

मी म्हणालो, आज नेटमध्ये ग्रॅडीला बसवून बघू. तो हसला. नेटमध्ये काय, तिथे तो माझ्या आजीलाही सरळ टाकेल, म्हणाला. गोष्ट तिथे बिघडत नव्हती.

दुपारी केनीने पुडी सोडली, प्रुइट टेक्ससच्या वाटेवर, सौदा जवळजवळ पक्का. तासाभरात सगळं शहर पेटलं. मी ऑफिसात जर्सी बदलत होतो तर लिंडक्विस्ट दारात उभा. सहा फूट चार इंचाचा पोरगा, दाराची चौकट भरून.

"वेंडेल जातोय का?"

"माहीत नाही."

"तुम्हाला माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही धर."

त्याने मान हलवली. "गेला तर जाऊ दे. त्याने जायलाच पाहिजे, स्किप. माझं काय, मी करेन काहीतरी." हे सगळं तो चांगल्या खणखणीत आवाजात बोलला. फक्त त्याचा डावा हात सारखा पँटवर पुसला जात होता, आणि माझ्या ऑफिसात तर एसीने थंडी वाजते.

रविवारी दुपारी स्टेडियम भरलं. इतकी माणसं आमच्याकडे सहसा येत नाहीत. निम्मे वेंडेलला शेवटचं बघायला आले होते आणि सगळ्यांची एक नजर मैदानावर, एक हातातल्या मोबाइलवर. लिंडक्विस्टने पहिले चार डाव असे टाकले की समोरच्यांना बॉल दिसतोय की नाही अशी शंका यावी. चौथ्या डावात एक बॉल फलंदाजाच्या बॅटला ओझरता लागून वेंडेलच्या उजव्या हाताशी गेला. त्याने हात झटकला. मला त्यात काही विशेष वाटलं नाही, तो दिवसातून दहादा हात झटकतो.

आमची फलंदाजी सुरू झाली तसा तो माझ्याजवळ आला, हात पोटाशी धरून. "अंगठा गेला, स्किप. ग्रॅडीला पाठव."

 सौद्याला एक दिवस उरलाय आणि अंगठा? मी दाखव म्हणालो. तो म्हणाला, बघण्यासारखं काही नाही, बॉल धरता येत नाहीये. वेंडेल प्रुइटने बारा वर्षांत कधी स्वतःहून बाहेर बसायला मागितलं नव्हतं. मी ग्रॅडीला खूण केली. एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा आत येऊ शकत नाही.

वेंडेल पायांवरची कवचं सोडायला लागला आणि डगआउटमधले सगळे त्याच्याकडे बघायला लागले. आता हे समजून घ्या. मुदतीच्या आदल्या दिवशी एखाद्या खेळाडूला सामन्याच्या मधेच बाहेर काढलं, तर आमच्यात त्याचा एकच अर्थ असतो. सौदा झाला. आता त्याला उगाच दुखापत नको म्हणून बसवला. मग तो सगळ्यांना मिठी मारतो, सामान उचलतो आणि सामना संपायच्या आत विमानतळाच्या वाटेला लागतो.

पहिल्या बेसवरचा आमचा धिप्पाड तावारेस उठला आणि त्याने वेंडेलला मिठीत घेतलं. मग एकामागून एक सगळे. मी ओरडलो, अरे, अंगठा लागलाय त्याचा, नुसता अंगठा. कुणी लक्षच दिलं नाही. बरोबर आहे, अशा वेळी मॅनेजर नेहमी असलंच काहीतरी सांगतो. मीही आजवर सांगत आलोय. मिठ्या मोठ्या पडद्यावर दिसल्या आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. आमचा फलंदाज खेळायला उभा होता, तोही बाजूला झाला आणि हेल्मेट काढून टाळ्या वाजवू लागला. अंपायरने घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं. मला भरून आलं आणि त्याच वेळी सगळ्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

लिंडक्विस्ट पाण्याच्या पिंपाशी उभा होता. तो मिठी मारायला आला नाही. वेंडेल त्याच्यासमोरून गेला, क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, काहीच बोलला नाही, आणि डगआउटच्या मागच्या बोळात दिसेनासा झाला. पोरगा त्या अंधाऱ्या दाराकडे बघत राहिला. मग ग्लोव्ह उचलून मैदानात गेला.

ग्रॅडी फलंदाजामागे बसला. लिंडक्विस्टचा पहिला बॉल त्याच्या डोक्यावरून सरळ जाळीवर गेला. स्टेडियमचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. दुसरा मातीत. असे चार बॉल वाया गेले आणि नियमाने तो फलंदाज फुकट पहिल्या बेसवर गेला. पुढच्याच्या कमरेवर बॉल बसला आणि तोही गेला. मी पायरीवरून उठलो. जूनमधला चेहरा मला परत पाहायचा नव्हता.

"स्किप, बस खाली."

आवाज मागून आला. मी वळलो. बोळात, चार पावलांवर, उलट्या बादलीवर वेंडेल बसला होता. हाताला बर्फ नाही, पट्टी नाही. ज्या अंगठ्याने बॉल धरता येत नव्हता त्याच अंगठ्याने तो सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

माझी ट्यूब जरा उशिरा पेटली, पण पेटली. मी बोळात गेलो आणि त्याची जी काही शोभा केली ती मी दबक्या आवाजात केली, एवढंच माझं सौजन्य. मला फसवलंस, संघाला फसवलंस, चाळीस हजार लोकांना रडवलंस.

"मिठ्यांचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं," तो म्हणाला. "मी फक्त ग्रॅडीला बसवून बघणार होतो. मग ते सगळे उठले आणि मला वाटलं, असू दे."

"त्या पोराला वाटतंय तू गेलास. न सांगता."

"हो."

"बाहेर काढतो मी त्याला."

"अजून दोन बॉल, स्किप. तुझ्या पाया पडतो." आणि तेव्हा मला दिसलं, की त्याचे ओठ पांढरे पडले होते. बिया तो सोलत होता, पण खात एकही नव्हता. पायाशी ढीग साठला होता.

एवढ्यात बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून हॅलोरन आली, सँडल हातात घेऊन, धापा टाकत. टेक्ससवाल्यांनी टीव्हीवर मिठ्या पाहिल्या होत्या आणि त्यांना वाटलं, आम्ही वेंडेल दुसऱ्याच कुणाला विकला. ते चिडले होते आणि घाबरले होते, आणि पेन्याबरोबर आणखी एक पिचर द्यायला तयार झाले होते. तिने त्यांना सांगितलं की मलाच माहीत नाही काय चाललंय. ते त्यांना तिचं हुशारीचं उत्तर वाटलं. एवढं सांगून तिने बादलीकडे पाहिलं, बियांकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं. ती बाई एक प्रश्न विचारेल तर शपथ. भिंतीला टेकून उभी राहिली आणि आमच्याबरोबर बघू लागली.

बाहेर लिंडक्विस्ट पिचरच्या टेकाडावरून खाली उतरला होता. आमच्याकडे पाठ. मग त्याने ग्रॅडीला हाताने बोलावलं. असं त्याने आजवर कधी केलं नव्हतं, नेहमी कॅचर त्याच्याकडे जायचा, समजूत घालायला. यावेळी बोलत होता तो, आणि ग्रॅडी मान डोलावत होता. ग्रॅडी परत जाऊन बसला, जरा जड, जरा मागे, आणि तसाच राहिला.

पुढचा बॉल त्याच्या ग्लोव्हमध्ये असा बसला की आवाज बोळात घुमला. स्ट्राइक. मग आणखी एक. मग तिसरा, आणि फलंदाज बॅट आपटत परत गेला. त्यानंतरच्याने जमिनीलगत मारला आणि आमच्या पोरांनी एका फटक्यात दोघांना बाद केलं. तिघे बाद, डाव संपला. स्टेडियम ओरडत होतं. वेंडेलने तोंडावर दोन्ही हात घेतले होते.

लिंडक्विस्ट टॉवेल घ्यायला बोळात शिरला आणि थबकला.

"तू इथे काय करतोयस?"

"बसलोय," वेंडेल म्हणाला.

"गेला नाहीस?"

"कुणी सांगितलं गेलो म्हणून?"

पोरगा त्याच्या हाताकडे बघत होता. "अंगठा दाखव."

वेंडेलने दाखवला. होता तसाच वाकडा, पण धडधाकट. लिंडक्विस्टचा चेहरा कानापर्यंत लाल झाला आणि त्याने आपला ग्लोव्ह जिवाच्या आकांताने वेंडेलच्या छातीवर फेकून मारला. वेंडेलने तो अर्थात झेलला.

"मला वाटलं, एक शब्द न बोलता गेलास. रागाने टाकत होतो मी बाहेर, कळतंय का तुला?"

"पहिले काही रागाने टाकलेस. ते सगळे वाया गेले," वेंडेल म्हणाला. "ग्रॅडीला काय सांगितलंस?"

"हलू नको म्हटलं. तू हलतोस ते मला चालतं, सवय झालीय. तो हलला की माझी नजर जाते. पोत्यासारखा बस म्हटलं, बाकी मी बघतो."

"हे मी नव्हतं शिकवलं तुला."

"नाही."

वेंडेलने ग्लोव्ह उलटापालटा करून पाहिला, त्याची सुटलेली वादी ओढून घट्ट केली आणि तो परत दिला. "मग आता मला जायला हरकत नाही."

लिंडक्विस्टने ग्लोव्ह हातात चढवला. त्याची हनुवटी हलत होती. आमचे फलंदाज नेहमीप्रमाणे पटापट बाद झाले होते आणि ग्रॅडी पायरीवरून हाका मारत होता. मी पोराला विचारलं, जमेल ना रे? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. तो पायऱ्या चढला, उन्हात गेला, आणि मागे वळून पाहिलं नाही.

वेंडेल त्या उजेडाकडे बघत रडला. मी त्याला गुडघे मोडल्यावर पाहिलंय, बोटं मोडल्यावर पाहिलंय, शेवटच्या बॉलवर हरल्यावर पाहिलंय. रडताना कधी पाहिलं नव्हतं. असा माणूस मला बारा वर्षं मिळाला याचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायचंही विसरलो.

हॅलोरनच्या हातातला फोन पुन्हा थरथरू लागला. टेक्सस. तिने उचलला नाही. "वेळ आहे, वेंडेल," ती म्हणाली. "हवं तर उद्यापर्यंत विचार कर."

त्याने बाहीने डोळे पुसले. "नको, बॉस. उचला. आणि अंगठा बरा आहे ते सांगा त्यांना, नाहीतर उगाच घाबरतील."

ती फोन कानाला लावून बोळाच्या टोकाकडे गेली. वेंडेल बादलीवरून उठला नाही. तिथून मैदान नीट दिसत नाही, फक्त आवाज येतो. ग्रॅडीच्या ग्लोव्हमध्ये पहिला बॉल बसला.

"जरा आत पडला," वेंडेल म्हणाला. "चालेल."